उन्हाळ्यातली एक रात्र सोलापुरात: किल्ला, स्मारक, नाटक आणि माग

मे महिन्यात सोलापूरला येतोय म्हणून सांगितलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला असतो: "या उन्हात?" प्रश्न खोटा नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि दुपारी बारा ते चार नवी पेठेतसुद्धा चिटपाखरू दिसत नाही. पण इथली हवा कोरडी. मुंबईसारखा रात्रभर घाम निथळत नाही. सूर्य कलला की वारा सुटतो, अंगणात पाणी शिंपडलं जातं आणि दिवसभर दार लावून बसलेलं गाव बाहेर येतं. उन्हाळ्यात सोलापूर बघायचं ते याच वेळी, दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत. गेली काही वर्षं सुट्टीला येणाऱ्या भाच्यांना, मैत्रिणींना, त्यांच्या घरच्यांना मी असंच फिरवते. त्यातून जो क्रम पक्का झालाय तो इथे मांडते.

युरोपात अशा रात्रींची प्रथाच आहे. बर्लिनमध्ये १९९७ साली पहिल्यांदा संग्रहालयं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली. पुढे २००५ पासून, फ्रान्सच्या पुढाकारानं, युरोपभर मे महिन्यातल्या एका शनिवारी ती उघडी राहू लागली. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो, त्याच्या जवळपासचा शनिवार त्यासाठी धरतात. आपल्याकडे अशी रात्र आयती मिळत नाही, ती जुळवावी लागते. जुळवायचं सूत्र एकच: ज्या जागेला आधी कुलूप लागतं तिथे आधी जायचं, आणि जी जागा रात्री खुलते ती रात्रीसाठी राखायची. साधं वाटतं, पण बहुतेकांचा बेत इथेच फसतो. देवळापासून सुरुवात करतात, रमतात, आणि किल्ल्याच्या दारात पोचतात तेव्हा अंधार पडलेला असतो.

तारीख ठरवताना

सोमवार टाळा. देशातली बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हा नियम मी रिक्षाभाडं मोजून शिकलेय. पुण्याहून आलेल्या मावसबहिणीला आणि तिच्या दोन मुलांना भर उन्हात एका संग्रहालयाच्या दारात नेलं, तर समोर कुलूप. आतून पहारेकरी म्हणाला, "आज सोमवार न्हवं का. उद्या या की." उद्या त्यांची गाडी होती. धाकट्यानं फाटकाच्या गजांतून आत डोकावून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. तेव्हापासून आदल्या दिवशी खात्री केल्याशिवाय मी कुणालाच कुठे नेत नाही. फोन लागला तर ठीक, नाहीतर उतरलेल्या लॉजवरच्या माणसाला किंवा रिक्षावाल्या दादांना विचारा. ते रोज त्या दारावरून जातात, त्यांना खरं माहीत असतं.

शक्य असेल तर पौर्णिमेच्या आसपासची रात्र धरा, तळ्याकाठी चांदणं मिळतं. वैशाखात अक्षय्य तृतीयेला बसवेश्वर जयंती आणि पौर्णिमेला बुद्ध जयंती येते. त्या संध्याकाळी मिरवणुका असतात, रस्ते वळवलेले असतात. मिरवणूक बघायची असेल तर बाकीचा बेत निम्मा करा. दोन्ही एका रात्रीत नीट होत नाही.

नाटकाचं आधीच बघून ठेवा. पुण्या-मुंबईच्या नाट्यसंस्था सुट्टीत दौरे काढतात आणि सोलापूरचा प्रेक्षक जाणता आहे. प्रयोगाची जाहिरात वर्तमानपत्राच्या सोलापूर पानावर असते. हुतात्मा स्मृती मंदिर, डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाचं अ‍ॅम्फी थिएटर, या तीन ठिकाणी त्या दिवशी काय आहे एवढं कळलं तरी पुरे. वाचनालयात व्याख्यान, कवितावाचन, छोटी मैफल असं काही ना काही चालू असतं. पाहुणा म्हणून मागे जाऊन बसलात तर कुणी हटकत नाही.

दुपार झोपून काढा

हसू नका, संपूर्ण बेतातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. सकाळच्या गाडीनं उतरून दिवसभर हिंडलेला माणूस रात्री नऊला नाटकात झोपतो. दुपारी हलकं जेवा, भाकरी आणि ताक, मग पडदे ओढून दीड-दोन तास झोपा.

पिशवीत काय घ्यायचं: माणशी दीड-दोन लिटर पाणी, सुती रुमाल, चांगली विजेरी (मोबाईलची चालेल, पण चार्जिंग पूर्ण हवं) आणि सुती मोज्यांचा जोड. मोजे का, ते पुढे देवळापाशी कळेल. मेच्या उत्तरार्धात वळवाच्या पावसाचा नेम नसतो. दुपारभर उकडून संध्याकाळी धूळ उडवत येतो, अर्धा तास कोसळतो, वीज जाते. छत्री नको, पण कागदपत्रं आणि फोनसाठी प्लास्टिकची पिशवी हवी. पाऊस आलाच तर नाट्यगृहाचा कार्यक्रम आधी आणि तळं नंतर, अशी अदलाबदल करा. पावसानंतर मातीचा वास आणि धुतलेली हवा मिळते, रात्र उलट चांगलीच जाते.

चार वाजता: डॉ. कोटणीसांचं घर

स्टेशनापासून जवळच भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म झाला तेच हे घर, महापालिकेनं जपलेलं. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यातले हे एक. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चीनमध्येच सेवा केलेले कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ. इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच गेले.

इथे पाऊण तास पुरतो. फोटो भरभर बघत जाऊ नका. मी मुलांना नेते तेव्हा एकच काम देते: सोलापूरचे डॉक्टर आणि चीनमधले डॉक्टर यांच्या चेहऱ्यात काय बदललं ते शोधा. मुलं फोटोपाशी थांबतात, नाक लावून बघतात. मोठ्यांनीही करून बघावं.

जाता जाता रेल्वे लाईन्स भागातलं इंद्रभुवन बाहेरून बघा. वारद घराण्यानं बांधलेला हा वाडा आता महापालिकेचं कार्यालय आहे. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून नक्षीकाम पाहा आणि पुढे निघा. पाच मिनिटांचं काम.

पाच वाजता: भुईकोट

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणजे सूर्यास्ताच्या आत बाहेर यावं लागतं. मेमध्ये इथे सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. पाचला आत शिरलात तर ऊनही उतरलेलं असतं आणि दीड तास निवांत मिळतो. हुतात्मा बागेच्या बाजूनं जा. बाग खंदकाला लागून आहे, संध्याकाळी तिथे मुलांचा गलका असतो.

डोंगरी किल्ल्याची सवय असलेल्यांना भुईकोट पहिल्यांदा सपाट वाटतो. इथे उंचीऐवजी तळं, खंदक आणि दुहेरी तटबंदी यांच्यावर भिस्त होती. बहामनी काळात, चौदाव्या शतकात, तो उभा राहिला आणि पुढे आदिलशाही-निजामशाहीच्या भांडणाचं कारण बनला. भांडण होतं आंदणाचं. आदिलशहाची बहीण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं होतं, ते दिलं नाही, आणि त्यावरून पुढची कित्येक वर्षं लढाया झाल्या. शेवटी निजामशहाची मुलगी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण म्हणून विजापूरकडे गेलं. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. १८१८ च्या मे महिन्यात किल्ला इंग्रजांच्या हाती पडला.

आता बघायचं कसं ते सांगते. बुरुजांवर फारसी शिलालेख आहेत, आणि तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. भर दुपारी ते सपाट, निर्जीव वाटतात, कारण ऊन थेट पडतं. साडेपाचनंतर किरणं तिरकी होतात आणि प्रत्येक अक्षराच्या कडेला सावलीची बारीक रेघ उमटते. जी बाजू सावलीत असेल तिथे विजेरी वापरा, पण समोरून मारू नका. दगडाला जवळजवळ टेकवून, बाजूनं, भिंतीशी समांतर धरा. एकदम पाकळी दिसते, घोड्याचा खूर दिसतो, एखाद्या मूर्तीच्या कमरेची मेखला दिसते. माझ्या भाच्यानं असंच एक हंसासारखं काही शोधून काढलं आणि पुढची पंधरा मिनिटं तो तिथून हलला नाही. शिलालेखांवर खडू, पीठ, पाणी काही लावू नका. प्रकाश पुरतो.

आतली बत्तीस खांबी वास्तू चुकवू नका. तळ्याच्या बाजूच्या तटावरून सिद्धेश्वर मंदिर दिसतं, पाण्यात उभं. तिथे पहारेकऱ्याची शिट्टी वाजेपर्यंत थांबावं.

सात वाजता: तळ्यातलं देऊळ

किल्ल्यातून बाहेर पडून चालतच सिद्धेश्वर मंदिराकडे जा. पुलावर चपला काढल्या की मोज्यांचं महत्त्व कळतं. फरशी दिवसभर तापलेली असते, साडेसातपर्यंत पाय भाजतात. रोजची माणसं टाचेवर टाचेवर, भरभर चालतात. पाहुण्यांनी सरळ मोजे घालावेत.

बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे या गावाचं दैवत. त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली, लोकांच्या हातांनी हे तळं खोदवलं आणि कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या भक्तिरचना, लिहिली. त्यांची योगसमाधी मंदिराच्या आवारातच आहे. एका बाकावर दहा मिनिटं डोळे मिटून बसा. एका कानावर मराठी पडेल, दुसऱ्यावर कन्नड, मागून तेलुगू. सोलापूर समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही. मकर संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, याच भागात नंदीध्वजांच्या उंच काठ्या येतात, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" या गजरानं तळं दुमदुमतं. मेमध्ये यातलं काही नसतं. पाणी कमी असतं, गर्दीही कमी असते आणि दिवे लागल्यावर कळसाचं प्रतिबिंब हलत राहतं. आरतीला थांबायचं असेल तर वेळ आवारातच विचारून घ्या.

आठ वाजता: चार पुतळे

इथून पार्क चौकाकडे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. बरेच पाहुणे चालत्या रिक्षातूनच हे पुतळे बघतात. मी तिथे उतरायलाच लावते, कारण ही गोष्टही मे महिन्याचीच आहे.

१९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला होता. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. गिरण्या थांबल्या, ८ तारखेला गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली. पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल इथून उठल्यासारखाच होता, लोक स्वतःच गावाचा कारभार बघत होते. मग १२ मे पासून लष्करी कायदा आला. तिरंगा हातात धरणं हा गुन्हा ठरला. सैनिक रस्त्यावरच्या माणसांच्या डोक्यावरून गांधी टोप्या उतरवत होते. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. त्यांच्या पुतळ्यांखाली आज आइस्क्रीमच्या गाड्या लागतात, मुलं सायकली फिरवतात. त्या चौघांनाही हे आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं. चारही नावं मोठ्यानं वाचा, मुलांकडून वाचून घ्या आणि मग जेवायला चला.

जेवण

थोडक्यात सांगते, कारण यावर वेगळंच लिहायला हवं. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि एखादी आमटी मागा. कडक भाकरी पापडासारखी मोडते. ती आमटीत कुस्करून मऊ होईपर्यंत थांबायचं, कोरडी खाऊन "कडकच आहे की" म्हणायचं नाही. शेंगा चटणी घरी न्यायची असेल तर उखळात कुटलेली घ्या. बोटानं दाबली की तेल सुटतं, तीच खरी. मिक्सरमधली भुरभुरीत राहते. चालत खायचं असेल तर गाड्यावरची डिस्को भजी आहेत, पण नाटकाआधी पोट जड करू नका.

साडेनऊनंतर: नाटक किंवा माग

प्रयोग असेल तर प्रश्नच नाही. पंधरा मिनिटं आधी पोचा. प्रयोग नसेल त्या रात्रीसाठी माझ्याकडे दुसरी वाट आहे, आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त प्रिय आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौक, दाजी पेठ, भवानी पेठ या बाजूला यंत्रमाग चालतात. १८७७ मध्ये इथे पहिली मोठी कापड गिरणी निघाली, तिला सगळे जुनी मिल म्हणतात. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी हे गाव आपलं केलं. गिरण्या बंद पडल्या, माग राहिले. चादर आणि टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. दुकानातून चादर सगळेच नेतात, पण ती विणताना फार थोडे बघतात.

हे ऐनवेळी होत नाही. दिवसा चादरीच्या दुकानात जा, खरेदी करा आणि मालकांना सरळ विचारा, "काका, रात्रपाळी चालू असेल तर दहा मिनिटं माग बघता येईल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात, सोबत माणूसही देतात. न विचारता कुणाच्या शेडमध्ये शिरू नका. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या आवरून घ्या, पट्टे उघडे फिरत असतात. लहान मुलांचा हात सोडू नका. फोटो परवानगीनंच.

आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं आवाजानं काही सुचत नाही. मग एकाच मागासमोर उभं राहून वर बघा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठा पुढे सरकवत असते. ते जेकार्ड. जिथे भोक तिथला धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो, आणि त्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो. चादरीवरचा मोर आधी त्या पुठ्ठ्यांत लिहिलेला असतो. टॉवेलचा माग शेजारी असेल तर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम (रूळ) मोजा, दोन असतात. एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल. फणी आडवे धागे पुढे ठोकते तेव्हा सैल धाग्याची कडी उभी राहते. अंग पुसताना हाताला लागतात त्या याच कड्या. एका कामगार मामांनी माझ्या भाचीच्या बोटाला धरून ती कडी दाखवली होती. त्यांच्या बनियनवर, भुवयांवर कापसाची भुकटी साचलेली होती आणि शेडमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. निघताना त्यांनीच आम्हाला पाणी विचारलं. त्यामुळे जाताना थंड ताकाच्या पिशव्या घेऊन जा. पैसे पुढे करण्यापेक्षा ते बरं दिसतं.

परत येताना

अकरानंतर रिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवा. बायकाच असाल तर संध्याकाळीच एका रिक्षावाल्या दादांशी परतीचं बोलून त्यांचा नंबर घेऊन ठेवा. मी दरवेळी तेच करते. मुंबईला जायचं असेल तर सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सुटून सकाळी पोचवते. मग माग किंवा नाटक यातलं काहीतरी सोडावं लागेल, आणि गाडीची त्या दिवशीची वेळ आधी बघावी लागेल.

मुक्काम असेल तर पहाटे साडेपाचला गाडी करून हत्तरसंग कुडलला जा. भीमा-सीनेच्या संगमावरचं संगमेश्वर मंदिर, आणि आत तुळईवर कोरलेली मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एकाची ओळ: "वाछि तो विजेया होईवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. सोलापूरचेच शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी या लेखावर काम केलं. तुळई डोक्यावर आहे आणि आत उजेड कमी, तेव्हा रात्रीची विजेरी पुन्हा चार्ज करून न्या आणि किल्ल्यात धरली तशीच तिरकी धरा. शेजारच्याच देवळात शेकडो मुखं कोरलेलं बहुमुखी शिवलिंग आहे, तेही बघून घ्या. नऊच्या आत परतीला लागा. संगमावर सावली फारशी नाही आणि वाळू लवकर तापते.